मोल ठरविणे ही साक्ष आहे



काही महिन्यांपूर्वी जुम्याच्या नमाजनंतर एक वयस्क गृहस्थ मशिदीच्या ओट्यावर थांबून राहिले. गेवराई तालुक्यातील शेतकरी माणूस. गर्दी पांगल्यावर ते जवळ आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "मौलाना साहेब, अब्बांच्या जमिनीतला आपाचा वाटा मी बुडविला नाही. सरकारी दराने हिशेब काढला, पैसे मोजून दिले, तिची सही घेतली. तरी मनाला स्वस्थता नाही. मी दिलेली किंमत बरोबर होती की नाही, एवढेच सांगा."

त्यांनी बहिणीचा हक्क नाकारला नव्हता. आपल्या समाजात मुलींना वारसा न देणारे अनेक आहेत. त्यांच्या तुलनेत हा माणूस कितीतरी बरा. पण त्यांचा प्रश्न हिस्सा देण्या-न देण्याचा नव्हताच. हिस्सा दिला, पण त्याचे मोल कोणी ठरविले आणि कसे ठरविले, हा त्यांचा प्रश्न होता. या प्रश्नाकडे आपण फारसे लक्ष देत नाही, म्हणूनच आज त्याविषयी लिहीत आहे. त्या गृहस्थांना काय उत्तर दिले, ते शेवटी सांगतो. कारण ते उत्तर समजण्यासाठी आधी मोल ठरविण्याविषयी धर्माची शिकवण समजून घेणे आवश्यक आहे.

माप पुरे, मोल अपुरे

मापात पाप करणाऱ्यांविषयी दिव्य कुरआनात सूरह मुतफ्फिफीनच्या आरंभीच कठोर इशारा आला आहे. घेताना पुरेपूर मापून घेणारे आणि देताना कमी मापून देणारे विनाशाचे धनी होतात, असे तेथे सांगितले आहे. ही शिकवण आपल्या बहुतेकांना ठाऊक आहे. तराजूचा काटा मारणारा पापी, हे लहान मूलही जाणते.

परंतु हजरत शुऐब (अ.) यांनी मदयनवासीयांना जो उपदेश केला, त्यात मापाच्या पुढे आणखी एक पाऊल आहे. सूरह आराफ, सूरह हूद आणि सूरह शुअरा या तिन्ही ठिकाणी तो उपदेश आला आहे. वजन-माप न्यायाने पूर्ण करा असे सांगितल्यावर ते स्वतंत्रपणे सांगतात की, लोकांच्या वस्तू कमी लेखू नका. येथे मूळ अरबी शब्दाचे मूळ 'बख्स' असे आहे. दुसऱ्याच्या मालकीच्या वस्तूची खरी योग्यता घटविणे, तिच्यात नसलेले दोष दाखविणे, तिचे मोल पाडणे, हे सर्व या शब्दात येते.

थोडा विचार केला तर या दोन आज्ञांमधील फरक ध्यानात येईल. मापात पाप झाले तर दुसरा तराजू आणून ते उघड करता येते. दहा किलोचे नऊ किलो भरले, हे कोणालाही सिद्ध करता येते. पण मोलात केलेले पाप कोणत्या तराजूत टाकणार? चाळीस गुंठे जमीन मोजणीत चाळीसच भरते. तिचे मोल मात्र सांगणाऱ्याच्या जिभेवर अवलंबून असते. जेथे चोरी पकडण्याचे साधन नाही, तेथे माणसाला रोखणारे एकच बंधन उरते, ते म्हणजे अल्लाहचे भय. म्हणूनच मोल ठरविणे हे केवळ बाजाराचे काम राहत नाही, ते ईमानाचे काम होते.

मूल्यांकन करणारा कोण असतो?

शेताचा भाव सांगणारा गावातील जाणता माणूस, दागिन्याचा टंच पाहणारा सराफ, बँकेसाठी सोने तपासणारा मूल्यांकनकार, घराची किंमत लिहिणारा अभियंता, नुकसानीचा पंचनामा करणारा कर्मचारी, या सर्वांचे धर्माच्या दृष्टीने स्थान काय? इस्लामी विधिवेत्त्यांनी (फुकहांनी) यावर सखोल चर्चा केली आहे. मोल सांगणारा साक्षीदारासारखा मानला तर दोन माणसे हवीत; न्यायाधीशासारखा मानला तर एक पुरे, अशी ती चर्चा आहे. मतभेद संख्येचा आहे. तो साक्षीदार असो वा न्यायाधीश, त्याचा शब्द म्हणजे केवळ एक मत असून चुकले तर चुकले, असे मात्र कोणीही म्हटलेले नाही.

या चर्चेला कुरआनचाच आधार आहे. हजच्या इहराममध्ये असताना कोणी जाणूनबुजून शिकार केली, तर तिची भरपाई किती, हे त्याने स्वतः ठरवायचे नाही. तुमच्यातील दोन न्यायी माणसांनी ठरवावे, अशी आज्ञा सूरह माइदामध्ये आहे. एका जंगली जनावराची भरपाई ठरविण्यासाठी दोन न्यायी माणसांची अट असेल, तर बहिणीच्या किंवा अनाथाच्या वाट्याचे मोल ज्याला द्यायचे आहे त्याने एकट्यानेच ठरविणे कसे योग्य होईल?

प्रेषित मुहम्मद (स.) यांनीही न्याय्य किमतीचे मोजमाप घालून दिले आहे. सामाईक मालकीतील गुलामाचा आपला हिस्सा एका भागीदाराने मुक्त केला, तर उरलेल्या हिश्श्याची किंमत न्यायाने ठरवावी, ती कमीही नसावी आणि जास्तही नसावी, असा आदेश मुस्लिमच्या हदीससंग्रहात आला आहे. कमीही नाही, जास्तही नाही. मूल्यांकनाच्या व्यवसायातील संपूर्ण आचारसंहिता या एका कसोटीत सामावली आहे.

खैबरच्या खजुरीच्या बागा

हिजरी सन ७ मध्ये खैबर जिंकल्यावर तेथील जमीन प्रेषितांनी तेथल्याच यहुदी रहिवाशांकडे अर्ध्या उत्पन्नाच्या बोलीने कसण्यास ठेवली. आपल्याकडील बटईसारखाच हा व्यवहार. फळ झाडावर असतानाच एकूण उत्पन्न किती निघेल याचा अंदाज बांधावा लागे. या अंदाजाला अरबीत 'खर्स' म्हणतात. हे काम प्रेषितांनी हजरत अब्दुल्लाह बिन रवाहा (रजि.) यांच्याकडे सोपविले होते.

इमाम मालिक यांच्या मुअत्तामध्ये नोंद आहे की, एकदा खैबरच्या लोकांनी आपल्या स्त्रियांचे दागिने गोळा करून त्यांच्यापुढे ठेवले आणि अंदाज थोडा हलका करावा अशी विनंती केली. हजरत अब्दुल्लाह (रजि.) यांनी स्पष्ट सांगितले की, तुमच्याविषयी माझ्या मनात कटुता आहे, पण ती मला तुमच्यावर अन्याय करावयास लावणार नाही, आणि हे जे तुम्ही पुढे केले आहे ती लाच आहे, ते आम्ही खात नाही. ते ऐकून त्या लोकांनीच मान्य केले की, अशाच न्यायावर आकाश आणि पृथ्वी टिकून आहेत.

या प्रसंगात लाच नाकारणे आपल्याला चटकन दिसते. पण त्याहून सूक्ष्म गोष्ट पहिल्या वाक्यात आहे. ज्यांच्याविषयी मनात कटुता आहे, त्यांचे मोलही त्यांनी वाढवून लावले नाही. कोणा समूहाचे शत्रुत्व तुम्हाला न्यायापासून ढळवू नये, ही सूरह माइदातील आज्ञा त्यांच्या आचरणात उतरली होती. मूल्यांकन करणाऱ्याला लोभ जितका बिघडवतो, तितकाच रागही बिघडवतो. जावेशी बोलणे बंद आहे म्हणून तिच्या बाजूच्या खोलीची किंमत फुगवून तिच्या माथी मारणारे, आणि दुसऱ्या भावकीचे शेत पंचांसमोर खडकाळ ठरविणारे आपल्यातही आहेत.

अबू दाऊदच्या संग्रहात याविषयी आणखी एक नोंद आहे. हजरत अब्दुल्लाह (रजि.) यांनी एकदा चाळीस हजार वसक खजुरीचा अंदाज केला आणि निवड समोरच्यांवर सोपविली. हा अंदाज जास्त वाटत असेल, तर फळ आमच्याकडे राहू द्या आणि तुमचा अर्धा वाटा या अंदाजाप्रमाणे आमच्याकडून घ्या. कमी किंवा योग्य वाटत असेल, तर फळ तुम्ही घ्या आणि आमचा अर्धा वाटा द्या. त्यांनी फळ ठेवून घेतले आणि वीस हजार वसक देण्याचे मान्य केले.

वाचकहो, मोल खरे की खोटे हे तपासण्याची याहून सोपी रीत नाही. जो भाव तुम्ही दुसऱ्याला देताना सांगता, त्याच भावाने तुम्ही घेण्यास तयार आहात काय? बहिणीला सांगितले की, ही जमीन एकरी अमुक लाखाची. मग तिने म्हटले, "ठीक आहे, याच भावाने तू तुझा वाटा मला दे", तर आपला होकार येईल काय? आला तर मोल खरे. मनाने कच खाल्ली, तर मोल खोटे आहे, आणि हे दुसऱ्या कोणाला कळो न कळो, आपल्याला कळलेले आहे.

अंदाज करताना कष्टकऱ्याला सवलत ठेवण्याचीही शिकवण आहे. अंदाज बांधल्यावर एक तृतीयांश, नाहीतर किमान एक चतुर्थांश सोडून द्यावा, अशी हदीस आहे. कारण वाऱ्याने फळ झडते, पाखरे खातात, येणारा-जाणारा पाहुणा खातो. आणि हिजरी सन ९ मध्ये तबूकच्या वाटेवर प्रेषितांनी वादी-उल-कुरा येथील एका स्त्रीच्या बागेचा अंदाज सहकाऱ्यांना करावयास लावला. स्वतः दहा वसक सांगितले आणि तिला निघेल ते मोजून ठेवण्यास सांगितले. परतीच्या वाटेवर त्यांनी आठवणीने विचारले. तिने दहा वसकच निघाल्याचे सांगितले. अंदाज करून निघून जायचे नाही, नंतर प्रत्यक्षाशी तो पडताळून पाहायचा, हाही यातील एक धडा आहे.

बीड जिल्ह्यातील शेतकऱ्याला हे परके वाटू नये. आपल्याकडील पैसेवारी म्हणजे एक प्रकारे खर्सच होय. आधी नजर पैसेवारी, मग सुधारित, मग अंतिम. ती ५० पैशांच्या आत येते की वर जाते, यावर अवर्षणग्रस्त गावाच्या सवलतींची आशा बांधलेली असते. कापूस, सोयाबीन, तूर डोळ्यांदेखत वाळत असताना कोणी बांधावर न जाता आकडा लिहिला, तर तो गावाच्या ताटातील घास काढून घेतो. आणि पीक चांगले असताना कोणी नुकसानीचा खोटा पंचनामा लिहून घेतला, किंवा न पेरलेल्या पिकाचा विमा उतरवून भरपाई उचलली, तर तो खऱ्या आपद्ग्रस्ताचा घास काढतो. पाप दोन्हीकडे सारखेच आहे.

कागदावरचा भाव आणि खरा भाव

आता जमिनीकडे वळू. आपल्या जिल्ह्यात जमिनीचे मोल गेल्या काही वर्षांत झपाट्याने बदलले. सोलापूर–धुळे महामार्ग बीड-गेवराईवरून गेला. अहिल्यानगर–बीड–परळी या सुमारे २६१ किलोमीटरच्या रेल्वेमार्गाची पिढ्यान्‌पिढ्या वाट पाहिल्यावर १७ सप्टेंबर २०२५ रोजी बीड–अहिल्यानगर प्रवासी गाडी सुरू झाली. जेथे कालपर्यंत कुसळे उगवत होती, तेथे आज प्लॉटिंगच्या खुणा दिसतात. भाव वाढले आणि त्यासोबत भावांचे दोन तोंडी व्यवहारही वाढले.

शासनाचा नोंदणी व मुद्रांक विभाग बाजारमूल्य दर तक्ते प्रसिद्ध करतो; आपण त्याला रेडी रेकनर म्हणतो. मुद्रांक शुल्क आकारण्यासाठी तो दर आहे. एखाद्या विशिष्ट शेताची विहीर, रस्ता, मातीची प्रत, पाण्याची पाळी पाहून ठरविलेली ती किंमत नव्हे. तरीही घराघरांत तो सोयीप्रमाणे वापरला जातो. विकताना बाजारभाव, बहिणीला देताना सरकारी दर. कर्ज काढताना बाजारभाव, जकात काढताना खरेदीचा जुना दर. एकाच जमिनीला एकाच माणसाच्या तोंडी तीन किमती! यालाच घेताना पुरेपूर आणि देताना कमी असे म्हणतात. तराजू न वापरता केलेली ही मापचोरीच आहे.

या खोट्याची शिक्षा कधी कधी याच जगात मिळते. २०१३ चा भूसंपादन कायदा १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. त्यानुसार संपादित जमिनीचे बाजारमूल्य ठरविताना मुद्रांकाचा दर पाहतात, तसेच परिसरातील तत्सम जमिनींच्या आधीच्या तीन वर्षांतील खरेदीखतांपैकी वरच्या किमतीच्या निम्म्या खतांची सरासरीही पाहतात. यांत जे अधिक ते धरतात. विहीर, घर, झाडे यांचे मोल वेगळे काढतात आणि १०० टक्के दिलासा रक्कम देतात. आता ज्या गावाने वर्षानुवर्षे मुद्रांक शुल्क वाचविण्यासाठी खरेदीखतात निम्मीच किंमत लिहिली आणि उरलेली रोखीने घेतली, त्या गावाची सरासरी कोठून वर येणार? दहा जणांच्या खोट्या कागदांमुळे अकराव्या प्रामाणिक शेतकऱ्याची भरपाईही कमी होते. आपण शासनाला फसवितो असे ज्यांना वाटले, त्यांनी प्रत्यक्षात शेजाऱ्याला फसविले.

उलट बाजूही तितकीच निषिद्ध आहे. भूसंपादनाची कुणकुण लागताच रातोरात रोपे लावून त्यांना जुनी फळबाग म्हणून दाखविणे, कोरड्या खड्ड्याला विहीर म्हणणे, मूल्यांकनाला आलेल्याच्या खिशात पाकीट सरकवणे, हे सार्वजनिक धन खाणे आहे. लोकांच्या मालाचा काही भाग अन्यायाने गिळण्यासाठी अधिकाऱ्यांपुढे पैसा नेऊ नका, ही मनाई सूरह बकरामध्ये स्पष्ट आहे. खैबरच्या दागिन्यांपुढे जे उत्तर दिले गेले, तेच येथेही लागू आहे.

चारशे गुंठ्यांचा हिशेब

वारसाहक्कात मोलाचा प्रश्न सर्वाधिक तीव्र होतो. समजा, एका गृहस्थाच्या मागे पत्नी, दोन मुलगे आणि एक मुलगी आहेत, आणि जमीन दहा एकर आहे. कफन-दफनाचा खर्च, कर्जे आणि वसीयत असल्यास ती फेडल्यानंतर वाटणी होते. पत्नीची न दिलेली मेहर हेही कर्जच आहे, हे विसरू नये. या कुटुंबात पत्नीचा हिस्सा एक अष्टमांश. उरलेले पाच भाग होऊन प्रत्येक मुलाला दोन आणि मुलीला एक. म्हणजे चाळीस भागांपैकी आईचे पाच, प्रत्येक मुलाचे चौदा आणि मुलीचे सात. दहा एकरांचे चारशे गुंठे धरले तर आईला पन्नास, मुलांना प्रत्येकी एकशे चाळीस आणि मुलीला सत्तर गुंठे.

कागदावर हिशेब बिनचूक झाला. पण चारशे गुंठे सारखे असतात काय? बालाघाटाच्या डोंगरपट्टीवर आष्टी-पाटोद्याकडे एकाच गटात वर मुरमाड माळ आणि खाली ओढ्याकाठची काळी माती असते. गेवराई-माजलगावच्या गोदाकाठी एका तुकड्याला कालव्याचे पाणी मिळते, दुसऱ्याला नाही. एकाला डांबरी रस्त्याचे तोंड असते, दुसऱ्याकडे जायला पाऊलवाटही नसते. आईला पन्नास आणि बहिणीला सत्तर गुंठे माळावर मोजून दिले आणि विहीर, रस्ता, काळी माती भावांनी ठेवली, तर सातबाऱ्यावर न्याय झाला आणि अल्लाहच्या दरबारी 'बख्स' झाला. अनाथांच्या संदर्भात सूरह निसामध्ये जे सांगितले आहे की, चांगल्याच्या बदल्यात वाईट देऊ नका, ते येथे आठवावे. याच सूरहमध्ये स्त्री-पुरुष दोघांचाही वाटा, माल थोडा असो वा फार, निश्चित केलेला आहे असे म्हटले आहे. अल्लाहने निश्चित केलेला वाटा मोल पाडून लहान करण्याचा अधिकार कोणालाही नाही.

यासाठी काही साध्या गोष्टी पाळता येतील. जमिनीचे तुकडे प्रतीप्रमाणे वेगळे करून प्रत्येकाचे मोल स्वतंत्रपणे काढावे. मोल काढणारे किमान दोघे असावेत. त्यांपैकी एक बहिणीने निवडलेला असावा आणि दोघांपैकी कोणीही ती जमीन घेऊ इच्छिणारा नसावा. त्यांचे मानधन ठरावीक असावे. किमतीच्या टक्क्यांवर ठेवले तर किंमत फुगविण्यात त्यांचा स्वार्थ निर्माण होतो. मोल वाटणीच्या दिवसाचे असावे. वडील वारले त्या वर्षीचा भाव धरून दहा वर्षांनी पैसे देणे हा न्याय नव्हे. ठरलेले लिहून काढावे, त्यावर साक्षीदार घ्यावेत, आणि आई-बहिणीला ते वाचून, समजावून सांगावे. मग बहिणीने जमिनीऐवजी पैसे घेण्याचे ठरविले, तर शरियतमध्ये अशा तडजोडीला वाव आहे. मात्र संमती म्हणजे काय, हे ओळखावे. भाव माहीत नसताना, माहेर तुटेल या भीतीने, भरल्या घरात चार पुरुषांसमोर केलेली सही ही संमती नव्हे.

पेटीतील सोने

भगिनींनो, मोलाची जबाबदारी फक्त पुरुषांवर नाही. तुमच्या पेटीतील लच्छा, बांगड्या आणि झुमके यांचाही हिशेब आहे. हनफी मतानुसार वापरातील सोन्या-चांदीच्या दागिन्यांवरही जकात आहे. सोन्याची मर्यादा साडेसात तोळे सांगितली जाते. पण तो जुना तोळा, सुमारे ११.६६ ग्रॅमचा. म्हणजे ८७.४८ ग्रॅम. आज सराफ दहा ग्रॅमला तोळा म्हणतो, त्यामुळे आजच्या भाषेत ते पावणेनऊ तोळे होतात. चांदीची मर्यादा ६१२.३६ ग्रॅम. ज्या घरात सोन्याबरोबर रोकड किंवा चांदीही आहे, तेथे हनफी मताने सर्वांची एकत्रित किंमत चांदीच्या मर्यादेशी ताडून पाहतात. जकात अडीच टक्के. आणि हिशेब जकात निघते त्या दिवसाच्या भावाने, लग्नात खरेदी केले त्या भावाने नव्हे. विकण्यासाठी घेतलेला प्लॉट असेल, तर त्याचेही त्या दिवशीचे मोल धरावे. राहते घर आणि कसण्याचे शेत यांच्या किमतीवर जकात नाही. शेतातील उत्पन्नावर उश्र आहे.

१ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकी हॉलमार्क क्रमांकाशिवाय सोन्याचे दागिने विकण्यास सराफांना मनाई आहे. पण आपल्या घरांतील आई-आजीच्या दागिन्यांवर असा शिक्का कोठून असणार? ते मोडताना किंवा गहाण ठेवताना सारा भरवसा सराफाच्या कसोटीवर आणि जिभेवर असतो. बावीस कॅरेटचे सोने म्हणजे ९१.६ टक्के शुद्ध. वीस कॅरेटचे बावीस सांगून विकले, तर बख्स. बावीसचे वीस सांगून विकत घेतले, तरी बख्सच. लाख, मणी आणि खडे यांचे वजन विकताना धरायचे आणि घेताना वजा करायचे, हाही तोच प्रकार. प्रेषितांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला तेव्हा आत ओल लागली. वरून कोरडे दाखविणाऱ्याला त्यांनी बजावले की, फसविणारा आमच्यातील नव्हे. ऊसतोडीला निघालेल्या किंवा दवाखान्याची निकड असलेल्या कुटुंबाचे सोने हाती घेताना सराफाने ही हदीस आठवावी. अडलेल्याला भाव विचारण्याची सवड नसते. म्हणूनच त्याला खरा भाव सांगणे हे दुप्पट कर्तव्य ठरते.

हजरत जरीर बिन अब्दुल्लाह (रजि.) यांच्याविषयी एक प्रसंग सांगितला जातो. प्रत्येक मुसलमानाचे हित चिंतीन, अशी प्रतिज्ञा त्यांनी प्रेषितांच्या हाती केली होती. त्यांच्यासाठी तीनशे दिरहमला एक घोडा ठरविला गेला. त्यांनी घोडा पाहिला आणि मालकाला स्वतःच सांगितले की, तुझा घोडा याहून अधिक मोलाचा आहे. शंभर-शंभर वाढवीत त्यांनी आठशे दिरहम मोजले. मालक तीनशेत खूश होता. कायद्याने व्यवहार पुरा झाला असता. पण आपल्याला ठाऊक असलेले मोल समोरच्याला ठाऊक नाही, याचा फायदा घेणे त्यांना आपल्या प्रतिज्ञेशी विसंगत वाटले.

त्या गृहस्थांना दिलेले उत्तर

आता मशिदीच्या ओट्यावरील प्रश्नाकडे परत येतो. मी त्यांना एवढेच विचारले, "चाचा, आपाला पैसे दिले तेव्हा शेजारच्या शेताचा भाव तुम्हाला माहीत होता काय?"

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "माहीत होता. त्याच वर्षी शेजारचे रान मी दिलेल्या भावाच्या अडीच पटीने गेले होते. आपाला मी ते सांगितले नाही."

येथेच उत्तर होते. व्यवहाराच्या दिवशी खरे मोल सांगून, राजीखुशीने वाटा घेतला असता आणि नंतर रस्ता-रेल्वेमुळे भाव वाढला असता, तर वाढ त्यांची. त्यात पाप नाही. भाव चढविणारा आणि उतरविणारा अल्लाह आहे. मदिन्यातील लोकांनी भाव ठरवून देण्याची विनंती केली तेव्हा प्रेषितांनी हेच सांगून ती नाकारली होती, आणि कोणाच्याही मालाविषयीच्या अन्यायाचा दावा आपल्यावर नसताना अल्लाहला भेटण्याची इच्छा व्यक्त केली होती. परंतु ठाऊक असलेला भाव लपविला, तर तो फरक बहिणीचे देणे म्हणून मानेवर राहतो. तिची सही त्यातून मुक्त करीत नाही, कारण जे तिला माहीतच नव्हते त्यावर ती सही कशी करणार?

मी त्यांना एक हदीस सांगितली. दोन माणसे जुन्या वारशाचा वाद घेऊन प्रेषितांकडे आली; दोघांपाशीही पुरावा नव्हता. प्रेषितांनी त्यांना समजावले की, मीही माणूसच आहे. एखादा आपली बाजू अधिक प्रभावीपणे मांडतो आणि मी ऐकले त्यावर निकाल देतो. पण अशा रीतीने कोणाला भावाचा हक्क मिळाला, तर त्याने तो घेऊ नये, कारण तो अग्नीचा तुकडा आहे. ते ऐकून दोघेही रडू लागले आणि प्रत्येकजण आपला हक्क दुसऱ्याला देऊ लागला. तेव्हा प्रेषितांनी सांगितले की, आता वाटून घ्या, न्यायाचा शोध घ्या, चिठ्ठ्या टाका आणि मग एकमेकांना मोकळे करा.

ध्यानात घ्या, रडल्यावर आणि मन मोकळे झाल्यावरही प्रेषितांनी वाटणी सोडून द्या असे म्हटले नाही. आधी न्यायाचा शोध आणि शेवटी माफी, असा क्रम आहे. आपण हा क्रम उलटा करतो. बहिणीकडून आधीच माफी मागून घेतो आणि न्यायाची वेळ येऊच देत नाही.

पुढे ते गृहस्थ माजलगावकडे बहिणीच्या घरी गेले आणि तिला लपविलेला भाव सांगितला. ती प्रथम काही घ्यायला तयार नव्हती. तिच्या मुलांनीही नको म्हटले. तरी त्यांनी दोन जाणती माणसे बसविली, त्यांतला एक तिच्या गावचा. त्या वर्षीचा खरा भाव ठरला. फरकाची रक्कम मोठी होती. निम्मी कापूस विकल्यावर आणि निम्मी पुढच्या हंगामात देण्याचे लिहून ठरले. पहिला हप्ता पोहोचल्याचे त्यांनी मला गेल्या महिन्यात सांगितले. दुसरा अजून बाकी आहे.

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्यापैकी अनेकांच्या कपाटात जुने वाटणीपत्र, हक्कसोडपत्र, गहाणाची पावती पडून असेल. ते एकदा काढून वाचावे, आणि त्यातील आकडा समोरच्या माणसाच्या डोळ्यांत पाहून आज पुन्हा सांगता येईल काय, हे स्वतःला विचारावे. ज्या दिवशी प्रत्येक माणसाचे अणुएवढे कर्म तोलले जाईल, त्या दिवशी तो आकडाही तराजूत असेल. येथे चूक दुरुस्त करता येते. तेथे फक्त निकाल ऐकावा लागतो.

हे अल्लाह! आमच्या जिभांवर खरे मोल येऊ दे. राग आणि लोभ यांपासून आमच्या साक्षी सुरक्षित ठेव. ज्यांचे देणे आमच्या मानेवर आहे ते फेडण्याचे धैर्य आणि ऐपत आम्हाला दे, आणि आमच्या आया-बहिणींचे वाटे त्यांच्या हाती पुरेपूर पोहोचव. आमीन.